इंजिनात काही पडलं? सेल्फ मारण्याआधी हे वाचा

बोटांतून नट सुटतो. धातूवर एकदा टिंग असा आवाज होतो, मग जरा खोलवर आणखी एक बारीकसा, आणि पुढे काहीच ऐकू येत नाही. ट्रकच्या इंजिनावर काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो यावर त्या इंजिनाचं पुढचं सगळं ठरतं. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी आणि त्यानंतरच्या एक-दोन तासांसाठी आहे.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा. आत पडलेला तुकडा जागच्या जागी पडून असेल, तोवर इंजिनाला काही होत नाही. नुकसान सुरू होतं ते इंजिन फिरल्यावर. डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, म्हणजे मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात कोंबली जाते. त्यासाठी पिस्टन हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या जाड झाकणाच्या, इतका जवळ येतो, की पिस्टनचा सपाट माथा आणि हेड यांच्यात साधारण १ मिलिमीटरची फट उरते. ६ मिलिमीटरच्या साध्या नटाची उंचीच ५ मिलिमीटर असते. पिस्टनच्या मधल्या वाटीत तो एखाद्या फेऱ्यापुरता मावेलही, पण तिथे टिकून बसणार नाही. कडेला सरकला की हेडवर ठेचला जाणार, व्हॉल्व्ह वाकवणार, पिस्टनला भोक पाडणार. त्याचे तुकडे झाले तर ते एक्झॉस्टमधून थेट टर्बोच्या (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) चाकावर आदळणार. शिवाय हवेच्या धक्क्यांबरोबर हे तुकडे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळकांड्यात) उलटे येऊन शेजारच्या सिलिंडरमध्येही जातात. म्हणूनच 'चालू करून बघ, सायलेन्सरमधून निघून जाईल' असा सल्ला कोणी दिला, अगदी जुन्याजाणत्याने दिला, तरी ऐकू नका.

आधी इंजिन फिरण्याच्या सगळ्या वाटा बंद करा

किल्ली काढून खिशात घाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तेव्हा गाडीच्या बॉडीला जाणारी मुख्य निगेटिव्ह वायरच सोडवली आहे ना, हे नीट पाहा. स्टिअरिंगला पुठ्ठा बांधून त्यावर ठळक अक्षरांत लिहा: 'इंजिन उघडं आहे, सेल्फ मारू नका'. हे कोणाला जास्तीचं वाटेल, पण तुम्ही गाडीखाली असताना दुसरं कोणी केबिनमध्ये चढून सवयीने किल्ली फिरवणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गाडी गिअरमध्ये असताना कोणी जरा पुढे ढकलली तरी इंजिन फिरतं, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. केबिन वर उचललेली असेल तर तिचा लॉक बसलाय ना, तेही बघून घ्या.

आता बाकीची उघडी तोंडं स्वच्छ कापडाने झाका. एक तुकडा शोधताना दुसरा आत पडला, असं व्हायला नको.

तुकडा खरंच आत गेलाय का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. मी शिकाऊ असताना इनटेक मॅनिफोल्ड बसवताना माझ्या हातून ८ मिलिमीटरचा स्प्रिंग वायसर निसटला. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी आवाज झाला, म्हणून आम्ही दोघं जण तीन तास त्या पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेत, चुंबक घालून बसलो. वायसर शेवटी इंजिनाच्या फाउंडेशन ब्रॅकेटच्या खाचेत मिळाला, तेलकट मातीत अर्धा रुतलेला. तेव्हापासून बाहेर शोधण्यासाठी मी निदान पंधरा मिनिटं राखून ठेवतो आणि ती कधीच वाया गेली असं वाटत नाही.

शोधताना क्रम ठेवा. आधी पडल्या जागेच्या सरळ खाली बघा: ब्लॉकवरच्या कडा, सेल्फची पाठ, इंजिनाचं फाउंडेशन, चेसिसच्या आतला पन्हाळा, गिअरबॉक्सचा माथा, वायरिंगचे गुच्छ. मग जमीन. जमिनीवर शोधायची एक साधी युक्ती आहे. टॉर्च हातात धरून वरून मारू नका, जमिनीवर आडवा ठेवा आणि हळूहळू फिरवा. बारीकशा वायसरचीही लांब सावली पडते आणि ती लगेच डोळ्यांत भरते. स्वतःच्या कपड्यांच्या घड्या, बुटांचे तळ आणि अवजारांचा ट्रे हेही तपासा. सॉकेटच्या आत नट अडकून राहिलेला पुष्कळदा सापडतो.

बाहेर काहीच मिळालं नाही, तर हरवलेल्या वस्तूची जुळी वस्तू शोधून काढा: त्याच मापाचा नट, तसाच स्क्रू, तसलाच वायसर. पुढच्या सगळ्या कामात ती उपयोगी पडते. तिला चुंबक लागतं का बघा, माप घ्या. ज्या छिद्रातून मूळ वस्तू गेली असं वाटतं, त्यात ती मुळात मावते का, हे बाहेरूनच पडताळा. इथेच पुष्कळ शंका मिटतात. उदाहरण द्यायचं तर, इंजेक्टर काढल्यावर खाली जे नोझलचं भोक दिसतं, ते अनेक इंजिनांत १० मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ६ मिलिमीटरचा नट पाना लागतो त्या बाजूंनी १० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे तो इंजेक्टरच्या खोबणीत पडला असेल, पण त्या भोकातून सिलिंडरमध्ये जाणं कठीण. इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरचंही तसंच. तो भोकाभोवतीच्या पायरीवर बसतो, म्हणजे भोकापेक्षा मोठाच असतो. अख्खा वायसर सिलिंडरमध्ये जाऊ शकत नाही. इंजेक्टरबरोबर तो बाहेर आला नाही तर बहुधा खाली खोबणीतच चिकटून बसलेला असतो. तो तिथेच राहू देऊन वर नवीन वायसर टाकला, तर इंजेक्टरची उंची बदलते आणि कॉम्प्रेशन गळायला लागतं. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने तो उचला.

वस्तू तुटून तुकडा पडला असेल, म्हणजे ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणाऱ्या प्लगचं) टोक, प्लॅस्टिकच्या क्लिपचा कान किंवा पॅकिंगचा कोपरा, तर हातात उरलेले सगळे तुकडे पांढऱ्या कापडावर मांडून जुळवा. नेमकं काय आणि केवढं गायब आहे ते कळतं. नंतर तुकडा बाहेर काढल्यावर तो याच जागी जुळवून पाहायचा असतो, त्यामुळे मांडणीचा फोटो काढून ठेवा.

कुठून पडला, त्यावर कुठे गेला ते ठरतं

टॅपेट कव्हर उघडं असताना काही पडलं तर ते हेडवरच्या तेलात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांभोवती काळं तेल साचलेलं असतं आणि त्यात कॉटरसारखी, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या पाचरीसारखी, बारीक वस्तू अजिबात दिसत नाही. म्हणून सुईशिवायच्या सिरिंजला बारीक नळी लावून आधी ते तेल शोषून घ्या. त्याआधी तेल खाली उतरायची भोकं आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या उभ्या दांड्यांच्या) वाटा कापडाने बंद करा, नाहीतर शोधता शोधता तुम्हीच तुकडा खाली ढकलाल. व्हॉल्व्हचे सील बदलताना स्प्रिंग सुटून कॉटर उडतो, तो हमखास दोन-तीन सिलिंडर लांब जाऊन पडतो. फक्त समोर पाहू नका. तिथे नाहीच मिळाला, तर तो पुशरॉडच्या वाटेने टॅपेटपाशी किंवा तेलाच्या भोकातून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरला असं धरा.

इनटेक मॅनिफोल्ड काढलेलं असताना पोर्टमध्ये वस्तू पडली, तर त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा आहे की मिटलेला, यावर सगळं अवलंबून असतं. मिटलेला असेल तर वस्तू व्हॉल्व्हच्या पाठीवर निवांत पडलेली असते आणि हे सगळ्यात सोपं काम. उघडा असेल तर ती आत गेली असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे व्हॉल्व्ह आणि सीट (मिटल्यावर व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) यांच्या मधोमध अडकली असेल. पाहिल्याशिवाय रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, सैल करू नका. स्प्रिंग व्हॉल्व्हला वर ओढेल आणि तुकडा चिमटीत पकडला जाईल.

टर्बोच्या तोंडात पडलेली वस्तू बहुधा नजरेलाच दिसते. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं आणि हवेच्या बाजूच्या त्याच्या पाकळ्या ॲल्युमिनियमच्या, कागदासारख्या पातळ असतात. वाळूचा जाडसर खडाही त्यांना पुरतो. वस्तू चाकापलीकडे, इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपात गेली असेल तर त्या पाइपाचा सगळ्यात खालचा बाक सोडवा, ती तिथे असते. इंटरकूलरपर्यंत पोहोचली तरी आतल्या नळ्या अरुंद असल्यामुळे जाड तुकडा आत येतो त्या बाजूच्या टाकीतच अडकतो. इंटरकूलर काढून ती बाजू खाली करून हलवला की खडखडतो. पाकळीची कड बोटाने चाचपून बघा. एकही खाच लागली, तर तो टर्बो तसाच परत बसवू नका.

पुढचं टायमिंग कव्हर उघडं असताना काही पडलं, तर मात्र इंजिन हातानेही हलवू नका. गिअरच्या दोन दातांमध्ये सापडलेला बोल्ट दात तोडतो, आणि दात तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो. कव्हर पूर्ण काढून डोळ्यांनी खात्री करणं हाच तिथला मार्ग आहे.

हातात काय काय हवं

लांब होणारी चुंबकाची दांडी आणि वाकणारी चुंबकाची तार, दोन्ही. बटण दाबलं की टोकाला चार नखं उघडतात, तो स्प्रिंगचा पंजा. लांब टोकाचा चिमटा. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा, ज्याचं डोकं साडेपाच मिलिमीटरचं किंवा त्याहून बारीक असेल. घट्ट ग्रीस, वेगवेगळ्या जाडीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, व्हॅक्यूम क्लीनर, पांढरं कापड, भरपूर उजेड. यातली एकच वस्तू घेणं परवडत असेल, तर कॅमेरा घ्या. न पाहता आत काहीतरी फिरवत राहणं हे तुकडा आणखी अवघड जागी ढकलण्याचं साधन आहे.

चुंबकाची दांडी आत घालण्याआधी तिचं टोक जोरात ओढून बघा. काही दांड्यांचं चुंबक नुसतं चिकटवलेलं असतं. लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेलं चुंबक निसटून आतच राहिलं, तर एकाच्या जागी दोन वस्तू शोधायला लागतात.

सिलिंडरमधून काढताना

इथे घाई करू नका, सगळं कौशल्य इथेच लागतं.

पहिल्यांदा कॅमेरा. इंजेक्टरच्या किंवा ग्लो प्लगच्या भोकातून तो आत सोडा आणि पिस्टनचा माथा कडेकडेने पूर्ण फिरून पाहा. थेट फवाऱ्याच्या डिझेल इंजिनात पिस्टनच्या मध्यावर खोलगट वाटी असते आणि इंजेक्टर बहुधा तिच्या बरोबर वर असतो. वरून पडलेली वस्तू या वाटीत, तिच्या मधल्या उंचवट्याभोवतीच्या घळीत जाऊन बसते. एका दृष्टीने ही सोय आहे, कारण ती तुमच्या भोकाच्या जवळजवळ खालीच असते. कॅमेऱ्यातून काजळीचा तुकडा आणि धातूचा तुकडा ओळखता येत नसेल, तर उजेड कमी-जास्त करून बघा. धातू चमकतो, काजळी उजेड गिळते.

पिस्टन किती खोल आहे, तेही पाहून घ्या. तो अगदी वर असेल तर काम करायला जागाच नसते, आणि अगदी खाली असेल तर हात पोहोचत नाही. भोकातून मऊ प्लॅस्टिकची लांब पट्टी सोडून खोली मोजता येते. लोखंडी सळई घालू नका, तिरकी अडकली तर तिनेच पिस्टनवर ओरखडा येतो.

पिस्टन हलवायचाच असेल तर तो पुलीच्या बोल्टवर पाना लावून किंवा फ्लायव्हीलवरून, हातानेच, आणि तेवढ्यासाठीच. इंजिनाच्या फिरण्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. मात्र आधी कॅमेऱ्याने खात्री करा, की तुकडा वाटीत आहे, माथ्याच्या कडेला नाही, आणि व्हॉल्व्हखाली नाही. पिस्टन वर असेल तर तो खाली नेण्याने तुकडा दबत नाही, पण टोकाजवळून निघताना उघडणारा व्हॉल्व्ह त्याला लागू शकतो. तेव्हा कॅमेरा बाहेर काढून पाना इंचाइंचाने फिरवायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. पिस्टन वर आणायचा असेल तर टोकापासून ३-४ सेंटिमीटर अलीकडेच थांबा. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ हे पिस्टन जोडीने वर-खाली होतात. त्यामुळे तुमच्या सिलिंडरमध्ये डोकावता येत नसेल, तर त्याच्या जोडीदाराकडून पिस्टनची जागा कळते.

पाना फिरवताना हाताला जो अडथळा लागतो तो ओळखायला शिका. बाकीच्या सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेचा अडथळा रबरासारखा असतो. पाना दाबून धरला की हवा हळूहळू गळते आणि पाना आपोआप सैल होत पुढे जातो. धातूचा अडथळा तसा नसतो. तो टक् करून थांबतो, आणि कितीही वेळ धरून ठेवला तरी पाना तसूभरही पुढे जात नाही. असं थांबलं की जोर लावायचा नाही. थोडं उलटं फिरवा आणि पुन्हा कॅमेरा घाला. शक्य असेल तिथे सगळे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून ठेवले, तर दाबच राहत नाही आणि हाताला लागणारी प्रत्येक गोष्ट स्पष्ट कळते.

आता चुंबक. अडचण अशी, की लायनर आणि बहुतेक ट्रकचं हेड बिडाचं असतं, त्यामुळे चुंबक तुकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच भिंतीला जाऊन चिकटतं. उपाय म्हणजे दांडीवर पातळ प्लॅस्टिकची नळी चढवा, अशी की चुंबकाचा फक्त तळ उघडा राहील आणि कडा झाकल्या जातील. मग ते भिंतीवरून सरकत खाली जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबक त्याला चिकटत नाही. नव्या मोठ्या इंजिनांमध्ये पोलादी पिस्टनही असतात, तिथे चुंबक तळालाही धरतं. त्यामुळे टक् असं चिकटलं म्हणजे तुकडा मिळालाच, असं धरू नका.

तुकडा धरला की खरी परीक्षा भोकापाशी होते. जी वस्तू ज्या भोकातून आत गेली, ती त्याच भोकातून बाहेर येते, पण ज्या बाजूने गेली त्याच बाजूने. वायसर चुंबकाला आडवा, सपाट चिकटतो, आणि तसा तो भोकातून निघत नाही. ओढला की कडेला आपटून परत खाली पडतो. अशा वेळी चुंबकाने त्याला भोकाच्या तोंडाशी आणून तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने बारीक चिमट्याने कडेला पकडून उभा करा. स्क्रू डोक्याने किंवा टोकाने उभा धरलेला असावा. दोन माणसं असतील तर एकाने कॅमेऱ्यावर बघून सांगायचं आणि दुसऱ्याने हात चालवायचा.

चुंबकाला न लागणारे तुकडे

तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, रबर, पॅकिंग, सीलंटची वाळलेली पोळी आणि पुष्कळ प्रकारचं स्टेनलेस स्टील, यांना चुंबकाचा उपयोग नाही. म्हणून जुळ्या वस्तूवर चुंबक आधी लावून बघायचं.

वस्तू पकडता येईल एवढी असेल तर पंजा वापरा. बारीक असेल तर प्लॅस्टिकच्या काडीच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावा, तुकड्यावर हलकेच टेकवा, काडी थोडी फिरवा आणि सरळ वर काढा. ग्रीस थोडंसंच घ्या. आत चिकटून राहिलेलं ग्रीस नंतर कापडाने पुसून काढा.

चुरा किंवा एकापेक्षा जास्त बारीक तुकडे असतील तर व्हॅक्यूम क्लीनर. त्याच्या मोठ्या नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची बारीक नळी टेपने हवाबंद जोडा आणि जोडाच्या जागी पातळ कापडाचा तुकडा ताणून लावा. तुकडा त्या कापडावर येऊन थांबतो, आणि तो निघाला की नाही हे नुसत्या अंदाजावर राहत नाही. मात्र आत पेट्रोल किंवा डिझेलची वाफ असताना व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. आधी पुसून कोरडं करा आणि वाफ पूर्ण जाऊ द्या.

कंप्रेसरची हवा मी अगदी शेवटी वापरतो, आणि ती फक्त काजळीच्या हलक्या कणांसाठी. पोर्टमध्ये हवा मारायची तर व्हॉल्व्ह मिटलेला आहे याची खात्री हवी. सिलिंडरमध्ये मारायची तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, नळी भोकापेक्षा पुष्कळ बारीक हवी म्हणजे हवा बाजूने परत वर येते, दाब कमी ठेवायचा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. भोकाभोवती ओलसर कापड धरलं तर निघालेले कण त्यावर दिसतात.

इंजेक्टरची जागा खरवडताना पडलेल्या मऊ काजळीच्या भुकटीचा फार धसका घेऊ नका. ती इंजिनातच तयार झालेली असते आणि एक्झॉस्टमधून निघून जाते. पण नखाने चुरडत नाही असा कडक पापुद्रा असेल, तर तो काढायचाच.

चेंबरमध्ये गेलं असेल तर

इथे जरा श्वास घ्यायला हरकत नाही, कारण चेंबरमधला तुकडा पिस्टनखाली ठेचला जात नाही. तेल कोमट असताना स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि धार जाळीच्या कापडावर पडू द्या. मग वरून एखादा लिटर स्वच्छ तेल ओतून धुऊन काढा. ड्रेनच्या भोकातून वाकणारं चुंबक आत घालून तळ पिंजून काढा, नंतर कॅमेरा घाला. एवढं करूनही मिळालं नाही, तर चेंबर खोला. ट्रकखाली जागा असते, त्यामुळे अनेक गाड्यांवर ते इंजिन न उचलता निघतं.

'जाड बोल्ट आहे, जाळीतून पंपात जाणार नाही, राहू दे तिथेच' असं म्हणणारे भेटतील. पंपाच्या तोंडाला जाळी असते हे खरं आहे. तरीही मला हे पटत नाही. गाडी चढ चढते, जोरात ब्रेक लागतो, खड्ड्यांतून आदळते, आणि तो बोल्ट दर वेळी जागा बदलतो. पॅकिंगचा किंवा कापडाचा तुकडा तर बोल्टपेक्षाही वाईट, कारण तो जाळीवरच जाऊन बसतो आणि तेलाचा दाब पडतो. बेअरिंगला तेल कमी पडल्याचं कळेपर्यंत क्रँक खराब झालेला असतो.

हेड कधी उघडायचं

तुकडा आत आहे हे नक्की, पण तो दिसत नाही किंवा दिसतो आणि निघत नाही, अशा वेळी हेड उघडा. व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये कडक तुकडा रुतला असेल, किंवा इंजिन चुकून फिरलं आणि टक् असा आवाज आला असेल, तरीही उघडा. नवीन हेड गॅस्केट लागेल, कूलंट काढावं लागेल, काही इंजिनांत हेडचे बोल्टही नवेच घालावे लागतात, दिवस-दोन दिवस जातील. गाडीमालकाला हे सांगताना जीभ जड होते, हे मला माहीत आहे. पण पडल्याबरोबर सांगितलेलं माणसं समजून घेतात. फुटलेलं पिस्टन दाखवून सांगितलेलं कोणी समजून घेत नाही.

निघाल्यावर

निघालेला तुकडा जुळ्या वस्तूशेजारी ठेवा. अख्खा आहे? तुटलेल्या वस्तूचा असेल तर पांढऱ्या कापडावरच्या मांडणीत तो बसतो का? एक कोपराही कमी असेल, तर काम संपलेलं नाही.

मग पुन्हा एकदा कॅमेरा घालून पिस्टनचा माथा, व्हॉल्व्हचे चेहरे आणि लायनर पाहा. नवा ओरखडा काजळीमध्ये चकचकीत दिसतो. सिलिंडरमध्ये तेल, डिझेल किंवा कूलंट सांडलं असेल तर थेंबन् थेंब शोषून घ्या. द्रव दाबला जात नाही, आणि त्यावर पिस्टन आपटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता हाताने दोन पूर्ण फेरे, कारण चारही स्ट्रोक पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. रबरासारखा अडथळा चालेल, टक् चालणार नाही. दोन्ही फेरे सुरळीत झाले की सगळं बसवा, बॅटरी जोडा आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडलेले ठेवून थोडा वेळ सेल्फ मारा. एकसारखी लय ऐकू यायला हवी. मगच कनेक्टर लावून इंजिन चालू करा आणि आयडलवर कान देऊन उभे राहा. ठरावीक लयीत टकटक आली तर त्याच क्षणी बंद करा, 'गरम झाल्यावर जाईल' म्हणून थांबू नका. चेंबरपर्यंत काही गेलं असण्याची शंका असेल, तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पुढच्या वेळी पडू नये म्हणून

इंजेक्टर किंवा मॅनिफोल्ड काढण्याआधी आजूबाजूची माती हवेने उडवून घ्या, म्हणजे निम्मा कचरा आत जायलाच उरत नाही. अडचणीच्या जागी नट लावताना सॉकेटमध्ये बोटाच्या टोकाइतकं ग्रीस लावा, नट धरून राहतो. सुटे भाग चुंबकाच्या ट्रेमध्ये ठेवा. पोर्ट उघडला की लगेच टेप किंवा कापड. कापड भडक रंगाचं, धागे न सुटणारं आणि मोठं घ्या, त्याचं एक टोक हातभर बाहेर लोंबू द्या. पोर्टमध्ये खोल सारलेलं छोटं फडकं विसरून मॅनिफोल्ड बसवलं गेलं, तर ते नटाइतकंच नुकसान करतं. किती कापडं घातली, तो आकडा स्टिअरिंगला बांधलेल्या त्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा, आणि मॅनिफोल्डचा पहिला बोल्ट लावण्याआधी तेवढी कापडं हातात मोजून घ्या.